सारांश आधी घरच्या भाषेत सांगा, मग इंग्रजीत लिहा

गोव्यात डिचोलीला माझ्याकडे संध्याकाळी अकरावी-बारावीची मुलं इंग्रजीसाठी येतात. त्यांतली बरीचशी चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात गेलेली आहेत. मीही त्याच वाटेने आले, त्यामुळे समरीच्या, म्हणजे सारांशाच्या, प्रश्नावर ती कुठे अडतात ते मला ठाऊक आहे. त्यांना वाटतं आपलं इंग्रजी कमी पडतं. माझा अनुभव वेगळा आहे. सारांश बिघडतो तो बहुतेक वेळा वाचतानाच, लिहायला सुरुवात करायच्या आधी.

बारावीच्या पूर्वपरीक्षेत मी उताऱ्यातली सहा छान वाक्यं निवडून जशीच्या तशी उतरवली होती. अक्षर चांगलं होतं, स्पेलिंगची एक चूक नव्हती, आणि पाचपैकी एक गुण मिळाला. वर नुसती लाल रेघ मारलेली. ती का, ते कुणी सांगितलं नाही. मुलांवर तशी वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

उतारा हातात आला की पेन बाजूला ठेवा आणि दोनदा वाचा. पहिल्यांदा वाचताना एवढंच शोधायचं की हे कशाबद्दल आहे. दुसऱ्यांदा शोधायचं की लेखक त्याबद्दल काय म्हणतो. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि निम्मी मुलं पहिलीवरच थांबतात.

मी शिकवायला नेहमी एक उतारा घेते, मीच लिहिलेला, साधारण तीनशे शब्दांचा, आपल्या खाजन शेतीवरचा. त्यात असं आहे: मांडवी-जुवारी नद्यांच्या काठची ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली. पूर्वजांनी माती, पेंढा आणि दगड यांचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून वाचवली. बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार. भरती चढली की पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटतं, ओहोटी लागली की उघडतं आणि शेतातलं पाणी नदीत जातं. पावसाळ्यात खारेपणा सोसणारं कोरगूट भात, मानसीपाशी सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), शेवटे (मासे). बांध राखायचं काम गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची जमीन सांभाळणारी संस्था, करायची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे गेलं. पुढे अनेक ठिकाणी डागडुजी राहून गेली, बांध फुटले, खारं पाणी आत आलं, शेतं पडीक झाली.

‘खाजन शेती’ हा या उताऱ्याचा विषय झाला. लेखकाचं म्हणणं निराळं आहे: ही शेती गावाने मिळून बांध राखले म्हणून टिकली आणि राखण सुटली तशी गेली. सारांश या म्हणण्याचा करायचा असतो.

एकदा चोडणची एक मुलगी याच उताऱ्यावर एकशेचाळीस शब्द लिहून घेऊन आली. मर्यादा ऐंशीची. कुठलं वाक्य काढायचं ते तिला कळेना, कारण सगळीच तिला महत्त्वाची वाटत होती. मी तिची वही मिटली आणि म्हटलं, घरी जाऊन आईला सांगायचं झालं तर काय सांगशील? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “टीचर, शेत न्हंयेपरस सकयल. गांव बांद सांबाळटालो म्हणून पिकतालें. आतां बांद फुटलो की शेत गेलें.” म्हणजे शेत नदीपेक्षा खाली, गाव बांध सांभाळायचा म्हणून पिकायचं, आता बांध फुटला की शेत गेलं. तीन वाक्यं. उताऱ्यातलं मुख्य ते सगळं त्यांत आलं होतं. फक्त मानस कशी चालते ते राहिलं होतं, आणि ते मी विचारल्यावर तिने वाचलेलं न आठवता सांगितलं, कारण तिने ती रोज पाहिलेली होती.

तेव्हापासून माझा नियम झाला आहे. दुसऱ्या वाचनानंतर उतारा हाताने झाकायचा आणि मनातल्या मनात मराठीत किंवा कोंकणीत तीन-चार वाक्यांत कुणाला तरी सांगायचा, आजीला किंवा धाकट्या भावाला. जे त्यांना सांगाल ते ठेवायचं, जे सांगायला सुचणारच नाही ते गाळायचं. मग ती वाक्यं इंग्रजीत आणायची. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर मात्र नको, नाहीतर मराठीची क्रियापदं इंग्रजी वाक्याच्या शेवटी लोंबायला लागतात. आशय डोक्यात घ्या आणि वाक्य कर्त्यापासून सरळ सुरू करा.

काय गाळायचं? उदाहरणं, उपमा, अवतरणं, तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगणारी वाक्यं. यादी असेल तर एका शब्दात गोळा करा: सुंगटं, कुर्ल्या आणि शेवटे यांच्या जागी ‘सीफूड’ पुरे. आकड्यांचं मात्र जरा सांभाळून. आकडा नुसता सजावटीला असेल तर जाऊ दे. वरच्या उताऱ्यातलं 1964 मी ठेवते, कारण गोष्ट तिथे वळते.

शब्द कसे वाचवता येतात ते एका वाक्यावर पाहा. मानसीचं वर्णन उताऱ्यात चार ओळींचं आहे. एका मुलाने लिहिलं: ‘व्हेन द टाइड राइझेस, द गेट शट्स; व्हेन इट फॉल्स, द गेट ओपन्स.’ तेरा शब्द, उत्तम. आम्ही आणखी घासलं: ‘द गेट शट्स ॲट हाय टाइड अँड ओपन्स ॲट लो टाइड.’ अकरा शब्द. ऐंशी शब्दांच्या सारांशात असे दोन-दोन शब्द वाचले की एक आख्खा मुद्दा बसतो.

‘ओन वर्ड्‌स’, म्हणजे स्वतःच्या शब्दांत लिहा, या सूचनेची मुलं फार धास्ती घेतात आणि प्रत्येक शब्द बदलायला जातात. मग ‘खाजन’चं नुसतं ‘लँड’ होतं आणि अर्थच जातो. विषयाचे मुख्य शब्द तसेच राहू द्या. खाजन, बंड (बांध), स्लूस गेट (मानस) यांना पर्याय शोधू नका. बदलायची ती वाक्याची बांधणी. उताऱ्यातले सलग चार-पाच शब्द तुमच्या सारांशात जसेच्या तसे दिसले तर तिथे थांबा आणि ते वाक्य पुन्हा करा.

वाक्यं जोडणाऱ्या शब्दांकडे माझं सर्वांत जास्त लक्ष असतं. मुलं पाच सुटी वाक्यं लिहितात, प्रत्येक बरोबर, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. बांध फुटले ‘बिकॉज’ डागडुजी राहिली. शेतं पडीक झाली ‘ॲज अ रिझल्ट’. असा एखादाच शब्द बरोबर जागी आला की तपासणाऱ्याला कळतं की याला उतारा समजला आहे. ‘अँड’ने सगळं जोडू नका.

बाकीचं थोडक्यात. उताऱ्यात ‘आय’ असेल तर सारांशात ‘द रायटर’. संवाद असेल तर अप्रत्यक्ष कथन. काळ उताऱ्याचाच ठेवा. स्वतःचं मत घालू नका, बांध वाचवले पाहिजेत असं कितीही मनापासून वाटत असलं तरी, कारण ते लेखकाने म्हटलेलं नाही. ‘इन धिस पॅसेज द ऑथर सेज दॅट’ ही सुरुवात सोडा, तिथेच सात शब्द जातात. प्रेसी, म्हणजे ठरावीक प्रमाणात केलेला संक्षेप, विचारली असेल तर साधारण एक तृतीयांश, म्हणजे तीनशेचे शंभर, आणि वर शीर्षक. नोट-मेकिंगनंतर समरी असेल तर ती नोट्सवरून लिहा, उताऱ्याकडे परत जाऊ नका. शब्दमर्यादा प्रश्नात दिलेली असते, तीच धरा.

शब्द मोजायला एक सोपी रीत. घरी आपल्या अक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते मोजून ठेवा. आठ बसत असतील तर ऐंशी शब्द म्हणजे दहा ओळी. कच्चं लिहिण्याआधी दहाव्या ओळीवर पेन्सिलीने बारीक खूण करा. कच्चं लेखन शेवटच्या पानावर, आणि पक्कं झालं की त्यावर आडवी रेघ. या प्रश्नाला वीस मिनिटं देत असाल तर निदान आठ वाचण्यात घालवा. वेळ फुकट जातोय असं वाटेल, पण लिहिताना तो वाचतो.

सरावाला वेगळं पुस्तक लागत नाही. घरी ‘गोमन्तक’ किंवा ‘नवप्रभा’ येत असेल तर अग्रलेख वाचा आणि जेवताना घरच्यांना तीन वाक्यांत सांगा. त्यांनी “म्हणजे काय?” असं विचारलं तर पुन्हा वाचा. आठवडाभर हे केल्यावर एखाद्या इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या, तो मराठीत सांगा, आणि मग वहीत इंग्रजीत सहा वाक्यं लिहा. ती वही माझ्याकडे घेऊन या किंवा शाळेत टीचरना दाखवा, पण मूळ कात्रण सोबत चिकटवून. कात्रणाशिवाय सारांश तपासता येत नाही.