बटाटा निवडला, भाव मात्र कांद्याचा

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका अडत्यांना मी भाव दाखवणारं वेब-पान करून दिलं होतं. एका सकाळी त्यांचा फोन आला, "अहो, बटाटा निवडला तरी कांद्याचाच भाव दिसतोय!" कोपरखैरण्याला घरच्या वायफायवर सगळं ठीक चालत होतं. गाळ्यावर जाऊन त्यांचाच मोबाइल हातात घेतला तेव्हा उलगडा झाला. तिथे रेंज कमी. त्यांनी आधी कांदा दाबला, लगेच बटाटा. बटाट्याचं उत्तर आधी आलं, कांद्याचं मागाहून, आणि मागून आलेल्यानं बटाट्याचा भाव पुसून टाकला. रिक्वेस्ट, म्हणजे पानानं सर्व्हरकडे केलेल्या मागण्या, ज्या क्रमानं जातात त्याच क्रमानं उत्तरं येतील, याची काही हमी नसते.

म्हणून असं काही बिघडलं की कोडला लगेच हात लावू नका. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, उघडलेल्या डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये फेच/एक्सएचआर (पानाच्या कोडनं पाठवलेल्या रिक्वेस्ट) निवडा, 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करा (पान रीलोड झालं तरी नोंदी राहतात) आणि मगच पानावरचं बटण दाबा. ओळच उमटली नाही तर रिक्वेस्ट गेलेलीच नाही. कन्सोलमधली लाल एरर वाचा. 'कॅन्सल्ड' दिसलं तर बहुतेक वेळा बटण फॉर्ममध्ये असतं आणि पान रीलोड होतं. तिथे फॉर्म आपोआप पाठवला जाणं रोखणारं प्रिव्हेंट-डिफॉल्ट हवं.

४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) असा स्टेटस आला तरी फेचचा, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनचा, कॅच (चूक पकडणारा भाग) चालत नाही. उत्तर आलं एवढंच फेचला पुरतं. रिस्पॉन्सचं 'ओके' स्वतः तपासा. जेसन (सर्व्हरकडून येणाऱ्या माहितीचा मजकुरी साचा) वाचताना '<' या चिन्हावर एरर आली तर रिस्पॉन्स उघडून बघा: जेसनऐवजी एचटीएमएल पान आलेलं असतं. बऱ्याचदा लॉगिन संपलेलं असतं आणि २०० च्या (सगळं ठीक) स्टेटसनं लॉगिनचं पान आलेलं असतं.

कॉर्सची, म्हणजे एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरचं उत्तर वाचू न दिल्याची, एरर असेल तर पानाच्या कोडमध्ये वेळ घालवू नका. एकाच मशीनवरचे पोर्ट ३००० आणि ५०००सुद्धा ब्राउझरच्या लेखी वेगळे पत्ते. परवानगी सर्व्हरनंच द्यायची.

आता कांद्याकडे. नेहमीच्या थ्रॉटलिंगनं (ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम हळू करणं) ही चूक हमखास सापडत नाही, कारण सगळ्याच रिक्वेस्ट हळू होतात. मी सर्व्हरवर फक्त कांद्याच्या उत्तराला ३ सेकंद थांबवलं आणि चूक दर वेळी दिसू लागली. मग अबॉर्ट-कंट्रोलर लावला: नवी रिक्वेस्ट निघताना जुनी रद्द. रद्द केल्यावर येणारी अबॉर्ट-एरर कॅचमध्ये वेगळी काढा, नाहीतर गिऱ्हाइकाला उगाच 'काहीतरी चुकलं' दिसतं.

ते ३ सेकंद काढून टाकायच्या आधी मी पुन्हा गाळ्यावर गेलो. अडत्यांनी कांदा, बटाटा, लसूण भराभर दाबलं. लसणाचाच भाव आला, आणि तोच टिकला.