जुलाब नाहीत म्हणून टायफॉईड नाही, असे समजू नका : या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे कोणाला ताप आला की घरातले पहिले वाक्य ठरलेले असते, ‘ऊन लागले असेल.’ मग कैरीचे पन्हे दिले जाते, ओल्या फडक्याने अंग पुसले जाते आणि त्यातच चार-पाच दिवस निघून जातात. जुलाब नसल्यामुळे दूषित पाण्याचा संशय कोणाला येत नाही, आणि माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे. टायफॉईडचा जंतू, म्हणजे साल्मोनेला टायफी, अन्नपाण्यातून पोटात जातो खरा. पण तो आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा व पित्ताशय येथे ठाण मांडतो. म्हणूनच मोठ्या माणसांत कित्येकदा जुलाबांऐवजी बद्धकोष्ठता असते, डोके दुखते, भूक मरते आणि ताप दिवसागणिक चढत जातो. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत सहसा १ ते २ आठवडे जातात. तेव्हा कालच्या शेवभाजीला दोष देण्याआधी पंधरवड्यापूर्वीच्या लग्नात कोणते पाणी प्यायलो, ते आठवावे.

ताप ३ दिवसांहून अधिक टिकला तर डॉक्टरांकडे जावे आणि प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी रक्ताच्या कल्चरविषयी, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीविषयी, विचारावे, कारण गोळी पोटात गेल्यावर जंतू रक्तात सापडणे अवघड होते. केवळ विडाल चाचणीवर, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात शोधणाऱ्या चाचणीवर, विसंबू नये. ही चाचणी १८९६ पासूनची आहे. पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि पूर्वीच्या संसर्गामुळे आता टायफॉईड नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते.

योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला ३ ते ५ दिवस लागू शकतात. या काळात धीर सोडून डॉक्टर बदलू नयेत, आणि ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नयेत. मात्र पोटात एकाएकी तीव्र कळ आली किंवा शौचास काळी अथवा रक्ताची झाली, तर तातडीने मोठे रुग्णालय गाठावे. उपचार लांबलेल्या रुग्णाच्या आतड्याला छिद्र पडू शकते.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावांत साठवण टळत नाही. पिंपातले पाणी उकळून माठात भरले, तरी घरातला प्रत्येक जण पेला बुडवताना बोटांची पेरेही त्यात बुडवतो आणि उकळण्याचे श्रम वाया जातात. माठावर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. बर्फात हा जंतू मरत नाही, त्यामुळे उसाच्या रसातला बर्फ नाकारावा. टायफॉईडची संयुग्म (कॉन्जुगेट) लस, म्हणजे जंतूचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली लस, ६ महिन्यांपुढील बाळालाही देता येते.

बरे झालेल्यांपैकी काहींच्या पित्ताशयात हा जंतू वर्षानुवर्षे राहतो आणि त्यांना काहीही जाणवत नाही. म्हणून पंगतीची वरण-बट्टी रांधणाऱ्या आचाऱ्याला टायफॉईड होऊन गेला असेल, तर पुन्हा कामाला लागण्यापूर्वी त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने मलाची तपासणी करून घ्यावी.