सरकारचा भाव कसा वाचायचा

विधानसभेची निवडणूक आली की आमच्या लातूरच्या आडतीवर सोयाबीनच्या आधी सरकारचा भाव निघतो, म्हणजे सरकार कुणाचं येणार यावरच्या सट्ट्याचा. मी दिवाणजी, पैसे लावत नाही, कायद्यानं बंदीच आहे. पण आकडा वाचता यायला पाहिजे.

आधी भाव कुठला ते बघा. परदेशातल्या पॉलिमार्केट, काल्शी असल्या ऑनलाइन बाजारात ‘अमुक घडेल का’ यावर ‘होय’ नाहीतर ‘नाही’ विकत घेतात, अंदाज खरा ठरला की 1 डॉलर मिळतो. ‘होय’ 80 सेंटला असेल, तर बाजार 80 टक्के शक्यता धरून चाललाय. आपल्याकडच्या सट्ट्यात उलटं. 25 पैसे भाव म्हणजे रुपयाला 25 पैसेच नफा. म्हणजे तोच पक्ष पुढं! 100 ला 125 नं भागा, 80 टक्केच येतात. भाव जेवढा कमी, तेवढा पक्ष भक्कम. इथंच निम्मी आडत गंडते. सगळ्या पक्षांचे टक्के मिळून 100 च्या वर गेले, तर वरचे टक्के म्हणजे बुकीची कमाई.

80 टक्के म्हणजे 80 टक्के जागा नव्हेत. पैज बहुमताची असेल, तर 288 मध्ये 145 गाठण्याची ती शक्यता. 146 आल्या काय न् 230 आल्या काय, पैसे तेवढेच.

उलाढाल बघा. दोन पोत्यांच्या सौद्यावरून मोंढ्याचा भाव निघत नाही.

शेवटी नियम. प्रश्न ‘सर्वात मोठा पक्ष’ असा आहे का ‘बहुमत’? 2019 ला भाजप 105 जागांवर पहिला होता. आधी फडणवीसांची पहाटेची शपथ झाली, मग पाच दिवसांत ठाकरेंची. ‘पुढचा मुख्यमंत्री कोण’ अशी पैज असती, तर पैसे कुणाला हे नियमातल्या एका ओळीवर ठरलं असतं.