कोकणात वॉटर पार्कला जाताय? या चुका टाळा

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की दोन दिवसांत घरात सूर निघतो, "पोरांना कुठेतरी पाण्यात घेऊन जाऊ या." मग कोणी खोपोलीचं इमॅजिका सुचवतं, कोणी गोराईचं वॉटर किंगडम, तर कोणी नागाव-काशीदकडच्या एखाद्या रिसॉर्टमधला घसरगुंड्यांचा तलाव. आजी, दोन काका, माहेरी आलेली आत्या आणि सात-आठ पोरं. गाडीत किती जण मावतील याचा हिशोब लगेच होतो. पाण्यात कोण कोणाकडे बघणार, हे मात्र कोणीच ठरवत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याचशा चुका तिच्यातूनच निघतात.

"सगळे आहेत ना इथे!"

सगळे आहेत म्हणून प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी बघतोय. काका फोटो काढतायत, आई धाकट्याचे कपडे बदलतेय, आत्या लॉकरची किल्ली शोधतेय. बुडणारं मूल ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्याचा सगळा झगडा श्वासासाठीच चाललेला असतो. डोकं मागे गेलेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात बाजूला पाणी दाबतायत, आणि मिनिटाच्या आत ते खाली जातं. शेजारी उभ्या माणसाला वाटतं, खेळतंय.

उपाय सोपा आहे. एक भडक रंगाची टोपी घ्या. ती ज्याच्या डोक्यावर, त्याची पाळी. पाळी वीस मिनिटांची. त्या वेळात मोबाईल नाही, गप्पा नाहीत, नजर फक्त पोरांवर. वेळ संपली की टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची आणि तोंडाने म्हणायचं, "आता तू." ज्यांना पोहता येत नाही, त्या पोरांजवळ मात्र एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाण्यातच हवं, काठावरच्या खुर्चीत नाही. दंडात घालायचे फुगे आणि रबरी ट्यूब ही खेळणी आहेत. अंगाला बरोबर बसणारं, पट्टे आवळलेलं लाइफ जॅकेटच काउंटरवर मागून घ्या. मूल हात वर करून उभं असताना जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर माप मोठं आहे.

जीवरक्षक असतात, पण एकेकाच्या वाट्याला मोठी गर्दी असते. वेव्ह पूलमध्ये तर जास्तच. लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजतो, सगळे आरडाओरडा करत खोल बाजूला धावतात, आणि शेकडो ट्यूबांखाली लहान मूल दिसेनासं होतं. लहानांना घेऊन उथळ टोकालाच थांबा आणि ट्यूबांच्या दाटीपासून दूर राहा.

"आमची पोरं समुद्राकाठची"

हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने म्हटलं जातं. पण समुद्राकाठी वाढणं वेगळं आणि पोहता येणं वेगळं. वाळूत खेळलेल्या, गुडघाभर पाण्यात गेलेल्या कितीतरी पोरांना तरंगताही येत नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या भाच्यांनी सोसायटीच्या तलावात चार हात मारले असतील, पण पायाखाली फरशी नसली की तीही गोंधळतात. आधी प्रत्येकाला उथळ पाण्यात दहा-पंधरा मीटर पोहून दाखवायला सांगा. मग कोण कुठे जाईल ते ठरवा.

दारातच होणारी रडारड

बहुतेक पार्कमध्ये नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात. सुती कापड पाण्याने जड होतं, त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात, आणि ओढणी किंवा सलवारीची नाडी घसरगुंडीत अडकली तर अपघात होतो. म्हणून पंजाबी ड्रेसमधल्या काकूंना दारात अडवलं की त्यांचा अपमान झाल्यासारखा चेहरा होतो, आणि मग भाड्याचा ढगळ पोशाख घालून त्या दिवसभर अवघडून बसतात. आठवडाभर आधी घरी बोला. पूर्ण बाह्यांचा नायलॉन टॉप आणि जाड लेगिंग बाजारात सहज मिळते, आणि त्यात त्या मोकळेपणाने पाण्यात उतरतात. मंगळसूत्र, काचेच्या बांगड्या, जोडवी यांचंही तसंच. काढायचं असेल तर घरी कपाटात ठेवून या, लॉकरच्या भरवशावर नको. ज्यांना काढायचं नाही त्यांनी संथ वाहत्या पाण्याचा आनंद घ्यावा, उंच घसरगुंड्या सोडून द्याव्यात. त्यांना कोणी आग्रह करू नये.

मुलांचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयाऐवजी उंचीवर असतं, आणि मोठ्या राइडलाही उंचीची अट असते. घरीच भिंतीला उभं करून मोजा आणि पोराला आधीच सांगा, "तुला ही राइड मिळेल, ती पुढच्या वर्षी." रांगेत तासभर उभं राहून परत फिरवलं तर त्याचा दिवस गेलाच. गरोदर बाई, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले, पाठीचं दुखणं असलेले यांनी वेगाच्या राइड टाळायच्याच. तिथे लावलेल्या पाट्या शोभेच्या नसतात.

आणि एक: ट्यूबशिवायच्या घसरगुंडीवरून पोराला मांडीवर घेऊन उतरू नका. त्याचा पाय कडेला अडकतो आणि मोठ्या माणसाच्या वजनाने पिळवटून मोडतो. मायेपोटी केलेल्या गोष्टीने प्लास्टर चढतं.

ऊन, पोट आणि पाणी

पाण्यात असताना घाम कळत नाही, तहानही कळत नाही. दुपारी तीनला पोर किरकिर करायला लागलं की आपण ओरडतो, आणि त्याचं खरं तर डोकं दुखत असतं. दर तासाला बाहेर काढून पाणी पाजा. सनस्क्रीन पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. ढग आले तरी कातडी भाजतेच. ओठ निळे पडून पोर कुडकुडायला लागलं तर "पाचच मिनिटं" ऐकू नका, टॉवेलात गुंडाळा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तान्ह्याचं सोडून. म्हणून सकाळी घरून घावणे किंवा आंबोळ्या पोटभर खाऊन निघा, आत बाराच्या आधी हलकं जेवा, आणि कोकम सरबताची बाटली गाडीत थंड डब्यात ठेवा. दीडच्या गर्दीत भरलेलं ताट संपवून लगेच गोल फिरणाऱ्या राइडवर गेलं की उलटी ठरलेली.

पाण्याला उग्र वास येतो तेव्हा लोक म्हणतात, क्लोरीन भरपूर आहे, पाणी स्वच्छ असणार. खरं तर घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून जे तयार होतं, त्याचा तो वास. डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. उतरण्याआधी सगळ्यांनी अंघोळ करा आणि पोरांना तासातासाला शौचालयात न्या. कोणाला जुलाब होत असतील तर त्याने पाण्यात जाऊच नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त टिकतो.

लहान रिसॉर्टच्या तलावात उतरण्याआधी काठावर उभे राहा आणि बघा: तळाची जाळी स्पष्ट दिसते का, ती घट्ट बसवलेली आहे का, खोली लिहिली आहे का, जीवरक्षक आहे का? तळ दिसत नसेल तर पैसे भरले असले तरी परत फिरा.

मूल दिसेनासं झालं तर

थीम पार्कात एकसारखे रंग आणि एकसारख्या कमानी असतात. इमॅजिकाचं वॉटर पार्क २०१४ मध्ये ग्रीसच्या मिकोनॉस बेटाच्या धर्तीवर उभारलं गेलं. दिसायला सुंदरच, पण "निळ्या खिडकीजवळ भेटू" म्हणालात तर पोर कुठे जाईल? आत शिरताच प्रथमोपचार कक्ष सगळ्यांना दाखवा, भेटायची जागा तीच. आपला मोबाईल नंबर पोराच्या दंडावर न पुसणाऱ्या पेनाने लिहा. मूल दिसलं नाही तर आधी पाण्यात शोधा, मग खाऊच्या दुकानात. आणि पहिल्या क्षणी जीवरक्षकाला सांगा, संकोच नको.

एकाच दिवशी वॉटर पार्क आणि समुद्र

कोकणात ही चूक सर्रास होते. पाचला पार्क बंद होतं, पोरांचा उत्साह उतू जात असतो, आणि समुद्र वाटेवरच असतो. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात लाटा झेलल्यामुळे भीती मोडलेली असते आणि अंग दमलेलं असतं. वेव्ह पूलची लाट बटण दाबलं की थांबते. समुद्रात ओहोटी लागली की पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. कॉलेजची, धडधाकट पोरं होती ती.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब प्रत्येकाला यायला हवा: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनला भरती पूर्ण. त्यानंतर सहा तास ओहोटी, आणि संध्याकाळी पाच-सहाला तिचा जोर भरात. नेमकी तीच आपली "जरा पाय भिजवू" म्हणायची वेळ. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पुढेमागे थोडा फरक पडतो, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नका. समुद्रासाठी दुसरा दिवस ठेवा.

परतीचा रस्ता

रत्नागिरी-चिपळूणहून खोपोली किंवा गोराई एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नका, मुक्काम ठेवा. अलिबाग-पेणकडून खोपोली सकाळ-संध्याकाळ जमते. गाडी चालवणाऱ्याने तीन वाजता पाण्याबाहेर यावं, चहा घ्यावा, पाऊण तास आडवं व्हावं. पाण्यात दमलेल्या माणसाला अंधारात घाटाच्या वळणांवर झोप गाठते. मेच्या शेवटी वळीव येतो. ढग गडगडले की राइड बंद होतात. तेव्हा चिडू नका, पाण्याबाहेर येऊन पक्क्या छपराखाली थांबा.

पाण्यातून काढलेल्या मुलाचं काय करायचं

उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. श्वास नसेल तर पाठीवर सपाट झोपवा, हनुवटी वर करा, नाक धरून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवा. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ लावायचा. मूल शुद्धीवर येऊन बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्या. पुढच्या काही तासांत खोकला, धाप किंवा गुंगी वाढू शकते, आणि "आता बरं आहे" म्हणून घरी नेलेल्या पोराचं ते रात्री झोपेत कोणाच्या लक्षातही येत नाही.