पाड्यावरचं पिण्याचं पाणी: या चुका टाळा

पहिला पाऊस झाला की जव्हार-मोखाड्यापासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत पाड्यांवरच्या विहिरींत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकायची लगबग सुरू होते. चुका मात्र दरवर्षी त्याच.

कोरडी पावडर मुठीने विहिरीत टाकणे. काम दोन मिनिटांत उरकतं, नोंदवहीत सही होते, पाणी मात्र शुद्ध होत नाही. पावडरीचे गोळे तळाशी बसतात आणि वरच्या पाण्याला उग्र वास मारतो. पुढचं ठरलेलं असतं. पोरं ते पाणी तोंडात धरत नाहीत, बायका हंडे घेऊन नाल्याच्या डवऱ्याकडे, म्हणजे पात्रात खणलेल्या खड्ड्याकडे वळतात. लोकांची बोलणी नकोत म्हणून जलसुरक्षक (गावाचं पाणी शुद्ध करायचं काम असलेला माणूस) पुढचे काही दिवस पावडरच टाकत नाही. मग जुलाबाची साथ येते आणि कागदावर विहीर शुद्ध असते. लोकांना अडाणी ठरवण्याआधी त्या विहिरीतलं पेलाभर पाणी स्वतः पिऊन पाहावं.

आधी पाणी मोजा. व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × ७८५ म्हणजे लिटर. ३ मीटर व्यास आणि २ मीटर पाणी असेल, तर सुमारे १४,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरून ७० ग्रॅम पावडर लागते. ती किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, मुठीचा अंदाज नको. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, खालचा चुना टाकून द्या; तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. हे रात्री, शेवटचा हंडा भरून गेल्यावर केलेलं बरं. किमान एक तास त्या पाण्याला हात लावू नका.

सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन द्रावणाने पाण्यातला क्लोरीन तपासणारी चाचणी घ्या. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांतला पिवळेपणाच खरा. नंतर गडद होणाऱ्या रंगावर विसंबू नका. चाचणी विहिरीवर आणि शेवटच्या घरातल्या हंड्यातही करा. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

तोंड उघडं राहिलेलं पोतं कोकणच्या दमट हवेत लवकर निकामी होतं. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो. २० टक्क्यांखाली गेलेली वापरू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा सावलीत ठेवा. पत्र्याचा डबा गंजतो.

झऱ्याचा डोळा, म्हणजे पाणी बाहेर येतं ती जागा, खोदणे किंवा सिमेंटने बुजवणे. सह्याद्री-सातपुड्यात भेगाळ खडकातलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडून बाहेर पडतं. जास्त पाण्याच्या हावेने पहार किंवा सुरुंग लावला की तो थर फुटतो आणि झरा खाली निघून जातो. डोळ्यावर भिंत बांधली तर पाणी तुंबून दुसरी वाट शोधतं. हाताने गाळ काढा, धुतलेले दगड रचा, पुढे झाकणाची टाकी बांधा. बाहेर जाणारा पाइप डोळ्याच्या पातळीखालीच हवा, सांडव्याच्या पाइपला जाळी हवी. वरच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारा चर आणि गुरांसाठी कुंपण करा. शौचालयाचा शोषखड्डा झऱ्याच्या वर कधीही नको. खडकाच्या भेगांतून मैलापाणी न गाळता थेट उतरतं.

एच२एस बाटली (पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर काळी पडणारी चाचणीची बाटली) थंडीत उघड्यावर ठेवून "काळी झाली नाही" म्हणू नका. ३० ते ३७ अंशांची ऊब आणि ४८ तास तिला मिळाले पाहिजेत.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरमधलं फ्लोराइड उकळून किंवा टीसीएलने जात नाही. ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर पिण्यासाठी दुसरा स्रोतच हवा.

मासे मारायला डोहात कीटकनाशक ओतू नका. खालच्या पाड्याचं ते पिण्याचं पाणी असतं.

हंड्यात हात बुडवू नका, ओगराळं वापरा.

खाण किंवा कारखाना सुरू झाल्यावर नमुने घ्यायला धावणे. तोवर आधीचं पाणी कसं होतं, याचा पुरावा उरत नाही. काम सुरू होण्याआधी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा नमुने प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवा. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ ने वनहक्कधारकांना आणि ग्रामसभेला पाणलोट आणि जलस्रोत जपण्याचा अधिकार दिला आहे. ठरावात त्या कलमाचा उल्लेख करा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.