मांजर पोत्यात घालण्याआधी: अ‍ॅलर्जी असताना प्राणी कसा सांभाळावा आणि इंजेक्शनांचा विचार कधी करावा

माझ्या शिंका थांबत नाहीत म्हणून आमच्या ढब्बू बोक्याला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून यायचा सल्ला मला आतापर्यंत तिघांनी दिलाय. एक शेजारच्या काकू, दुसरा दूधवाला, आणि तिसरे चक्क एक डॉक्टर. त्यांनी ना नाकात डोकावून पाहिलं, ना छाती तपासली. "मांजर आहे ना घरी? मग झालं तर," म्हणाले आणि चिठ्ठी फाडून हातात दिली. ढब्बू अजून घरातच आहे. हे लिहिताना लॅपटॉपच्या उबेला चिकटून पसरलाय.

बहुतेक घरांत या प्रकरणाचा क्रम उलटा होतो. आधी मांजर जातं, मग गोळ्या सुरू होतात आणि वर्षभराने कुणीतरी तपासणी करायला सांगतं. तेव्हा कळतं की निम्मा दोष गादीचा होता. म्हणून खाली लिहिलंय ते त्याच क्रमाने करा. (आणि हो, पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा जागी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. काकूंना हे सांगितलं तर त्या आठवडाभर बोलल्या नाहीत.)

पहिलं काम: दोषी कोण ते शोधा

"मांजराच्या केसांची अ‍ॅलर्जी" असं आपण सरसकट म्हणतो, पण केस बिचारे नुसते हमाल. त्रास होतो तो मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीच्या तैलग्रंथींतल्या एका प्रथिनाचा. त्याचं नाव 'फेल डी १'. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि कोंड्याबरोबर तिचे बारीक कण हवेत जातात. हे कण तासन् तास तरंगत राहतात, सोफ्यात मुरतात, कपड्यांना चिकटून ऑफिसातही पोचतात. मांजर गेल्यावरही घरातलं प्रमाण खाली यायला चार ते सहा महिने लागू शकतात. म्हणून "पंधरा दिवस मांजर बहिणीकडे ठेवलं, तरी शिंका थांबल्या नाहीत, म्हणजे मांजराचा संबंध नाही" हा हिशेब चुकीचा. उलट करून बघा. मांजर राहू दे घरात, तुम्हीच जिथे प्राणी नाही अशा ठिकाणी आठ-दहा दिवस राहून या. त्यातूनही अंदाजच मिळतो, पुरावा नाही.

पुरावा देते ती स्किन प्रिक टेस्ट. नाक-कान-घशाच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे होते. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहितात, प्रत्येक आकड्याशेजारी एका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवतात आणि थेंबातून कातडीला अगदी वरच्यावर टोचतात. रक्त येत नाही. मग पंधरा-वीस मिनिटं हात पालथा न करता बसून राहायचं. माझ्या हातावर मांजराच्या आकड्याशी डास चावल्यासारखी गांध उठली. पण तिच्या दोन बोटं वर 'डस्ट माइट' (धुळीतले सूक्ष्म किडे) लिहिलं होतं, तिथे रुपयाच्या नाण्याएवढं लाल वर्तुळ आणि मधोमध फुगवटा. खाज तर अशी की दुसरा हात मी मांडीखाली दाबून धरला होता. डॉक्टर पट्टी लावून फुगवटा मोजतात. तुलनेसाठी ठेवलेल्या नुसत्या सलाइनच्या थेंबापेक्षा तो किमान ३ मिलिमीटरने मोठा असेल तर चाचणी होकारार्थी धरतात.

या चाचणीआधी सेट्रिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर हात कोराच राहतो आणि पैसे पाण्यात. गोळी थांबवणं शक्य नसेल किंवा कातडीला नुसतं नख लागलं तरी वळ उठत असतील, तर रक्तातली स्पेसिफिक आयजीई तपासणी (त्या-त्या पदार्थाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं मोजणारी) करतात. केसांची बट कुरियरने पाठवून "दोनशे गोष्टींची अ‍ॅलर्जी" सांगणाऱ्या पाकिटांच्या नादी लागू नका.

एक लक्षात ठेवा. चाचणी होकारार्थी येणं आणि प्रत्यक्ष त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकाल तुमच्या लक्षणांशी जुळला पाहिजे. त्रास वर्षभर असतो की पावसाळ्यात वाढतो? सकाळी अंथरुणातून उठताना होतो की मांजर मांडीवर घेतल्यावर? ही उत्तरं चाचणीआधी दोन आठवडे रोज वहीत लिहा. माझ्या शिंकांची वेळ पहाटे पाचची होती, आणि ढब्बू त्या वेळी खिडकीत कबुतरं बघत असायचा.

कुत्रा असेल तर एक बारकावा विचारून घ्या. कुत्र्याच्या अनेक प्रथिनांपैकी 'कॅन एफ ५' हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, म्हणजे फक्त नराकडे. काहींना एवढ्याचीच अ‍ॅलर्जी असते. अशांना मादी किंवा खच्चीकरण झालेला नर सहसा सोसतो. रक्ताच्या तपासणीत हे वेगळं काढता येतं.

दुसरं काम: झोपायची खोली ताब्यात घ्या

सगळं घर निर्मळ करायला जाल तर चार दिवसांत दमाल. एकच खोली निवडा, जिथे तुम्ही सात-आठ तास श्वास घेता. तिथे प्राण्याला कायमची बंदी. "फक्त दुपारी येतो" हेही नाही. ढब्बूने पहिले नऊ दिवस दाराबाहेर बसून जे सूर लावले ते खालच्या मजल्यावर ऐकू गेले. दहाव्या दिवशी त्याने सोफा पत्करला.

खोलीतून गालिचा, जाड पडदे, भरलेली खेळणी आणि पलंगाखाली दडपलेल्या जुन्या गोधड्या बाहेर काढा. आपल्याकडच्या कापसाच्या गाद्या म्हणजे माइट्सची चाळ. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत फोफावतात. त्यामुळे मुंबई-ठाणे-कोकणात पावसाळा म्हणजे त्यांची दिवाळी. गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेन लागणारी खोळ घाला. चादरी-अभ्रे आठवड्याला एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. आमच्या मशीनला गरम पाण्याची सोय नाही. मी बादलीत कढत पाणी ओतून अर्धा तास भिजवते आणि मग मशीनला लावते.

झाडू मारू नका, त्याने धूळ फक्त उठून परत बसते. ओल्या फडक्याने पुसा. पंख्याची पाती विसरू नका. महिनाभर न पुसलेला पंखा सुरू केला की मांजराचा कोंडा थेट उशीवर. हे काम अ‍ॅलर्जी नसलेल्याने करावं. नसेल कुणी, तर तोंडाला मास्क लावा.

हवा शुद्ध करणारं यंत्र सगळ्यात शेवटी घ्या. हेपा गाळणी बारीक कण पकडते, पण गादीत मुरलेलं तिच्यापर्यंत पोचतच नाही. खोळी आधी, यंत्र नंतर. दुकानदार बरोबर उलटं सांगतो.

तिसरं काम: प्राण्याचं

बोक्याचं खच्चीकरण करून घ्या. न केलेल्या बोक्यात फेल डी १ जास्त तयार होतं, आणि नंतर ते घटतं. आंघोळीने प्रमाण कमी होतं पण दोन-चार दिवसांतच पुन्हा मूळपदावर, म्हणून मांजराला दर आठवड्याला भिजवून वैर धरण्यात अर्थ नाही. कुत्र्याला मात्र आठवड्यातून दोनदा आंघोळ घातली तर फरक पडतो, तेवढा वेळ असेल तर. केस विंचरणं गॅलरीत, आणि तेही घरातल्या दुसऱ्याने. मांजराच्या शी-शूचा मातीचा डबाही त्यानेच साफ करावा. मांजराला हात लावून तोच हात डोळ्याला लावायचा नाही. सांगायला सोपं आहे, जमायला मला वर्ष लागलं.

फेल डी १ ला निष्प्रभ करणाऱ्या, अंड्यातल्या प्रतिपिंडांचा लेप दिलेलं मांजराचं खाणं २०२० पासून काही देशांत विकलं जातंय. प्युरिना कंपनीच्या स्वतःच्या अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय फेल डी १ सरासरी ४७ टक्के कमी झालं. ४७ टक्के म्हणजे शून्य नव्हे. आणि "अ‍ॅलर्जी न होणारी जात" म्हणून महागडं पिल्लू कुणी गळ्यात मारत असेल तर पाकीट बंद करा. पूर्ण निर्धोक जात कुठलीच नाही.

चौथं काम: औषध नीट घ्या

नाक कायम चोंदलेलं असेल तर खरं औषध म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखा नाकातला स्टिरॉइड स्प्रे. पण आपण तो दोन दिवस मारतो आणि "काही उपयोग नाही" म्हणून ठेवून देतो. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज लागतो. नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे वळवा, म्हणजे रक्त येत नाही. जोरात ओढूही नका, सगळं घशात जातं.

नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरले की थेंबांमुळेच नाक बंद व्हायला लागतं. लेव्होसेट्रिझिनबरोबर माँटेलुकास्ट घातलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून देतात. माँटेलुकास्टने काहींना झोपमोड, चिडचिड, उदासपणा येतो आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. असं काही जाणवलं तर डॉक्टरांना सांगा, मनात ठेवू नका. जलनेती करत असाल तर उत्तमच, पण पाणी उकळून कोमट केलेलं. नळाचं थेट नको.

रात्री छातीत शिट्टी वाजते, जिना चढताना धाप लागते, तर ही नुसती सर्दी नव्हे. दम्याची तपासणी करून घ्या. दमा आटोक्यात येतच नसेल, तर मांजराला दुसरं चांगलं घर शोधायची वेळ आली असं मीही म्हणेन. पोतं नव्हे, घर.

पाचवं: इंजेक्शनं

वरचं सगळं तीन-चार महिने नेकीने करूनही त्रास असेल, किंवा गोळ्या-स्प्रे जन्मभर नकोत असं वाटत असेल, तर या वाटेने जा. कल्पना जुनी आहे. लंडनच्या सेंट मेरी हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागांचा अर्क थोडा थोडा वाढवत टोचून पाहिला होता. आजही तत्त्व तेच. ज्याने त्रास होतो त्याचाच सूक्ष्म डोस कातडीखाली देत शरीराला त्याची सवय लावायची. सुरुवातीला आठवड्याला एक-दोन अशी तीन ते सहा महिने, मग दोन ते चार आठवड्यांनी एक, एकूण तीन ते पाच वर्षं. फरक जाणवायला काही महिने जातात. मांजर आणि माइट यांच्यासाठी पुरावा बरा आहे, कुत्र्यासाठी तितका भक्कम नाही.

इथे एक सावधगिरी. "अ‍ॅलर्जीचं एक इंजेक्शन घ्या, वर्षभर बघायला नको" असं कुणी म्हणालं तर ते बहुधा लांब टिकणाऱ्या स्टिरॉइडचं असतं. माझ्या मावसभावाने तशी तीन घेतली आणि साखर वाढल्यावर कारण कळलं. वरच्या उपचाराशी त्याचा काही संबंध नाही. औषधाचं नाव विचारा, लिहून घ्या.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे विचारा. कुपीत नेमके कोणते अर्क आहेत? माझ्या लक्षणांशी जुळणारे एक-दोनच आहेत, की चाचणीत गांध उठलेलं सगळं एकत्र कालवलंय? मला दुसऱ्या प्रकारची यादी मिळाली होती, अगदी झुरळापासून गाजरगवतापर्यंत. मी फक्त माइट आणि मांजर ठेवायला लावलं. खर्चाचा पाच वर्षांचा आकडा मागा, कारण बहुतेक आरोग्यविमा असा बाह्यरुग्ण खर्च देत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर आधी सांगा. दमा अनियंत्रित असताना इंजेक्शनं सुरू करत नाहीत, गरोदरपणातही नव्याने सुरू करत नाहीत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत.

आपल्याकडे अनेकदा कुप्यांचा संच घरी देतात आणि जवळच्या फॅमिली डॉक्टरकडून टोचून घ्या म्हणतात. संच फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचा, बर्फाच्या कप्प्यात नाही. आणि ज्यांच्याकडे टोचून घेणार त्यांना तोंडावर विचारा, "अ‍ॅड्रेनालिन आहे का दवाखान्यात?" जोरदार प्रतिक्रिया थोपवणारं औषध ते. उत्तर देताना ते कपाट उघडून दाखवत असतील तर ठीक. "काही होत नाही हो" म्हणाले तर दुसरा दवाखाना. क्वचित होणारी जोरदार प्रतिक्रिया बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात येते. म्हणून टोचल्यावर तीस मिनिटं तिथल्या बाकावर बसून राहायचं. भाजी आणायला जायचं नाही, गाडीत बसून वाट बघायची नाही. दंडावर लिंबाएवढी सूज येणं नेहमीचं, दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालतं. पण अंगभर गांधी, घसा आवळणं, धाप, चक्कर यातलं काही झालं तर ताबडतोब हाक मारा. घरी आल्यावर झालं तर १०८ ला फोन. त्या दिवशी व्यायामशाळा बंद आणि ताप असेल तर इंजेक्शनही पुढे ढकला.

सुई नको असेल तर जिभेखाली ठेवायचे थेंब असतात, रोज घरी घ्यायचे. पहिला डोस मात्र डॉक्टरांसमोर.

आणि तारखा पाळा. मी पहिल्याच वर्षी गणपतीला गावी गेले, पावसाने गाडी अडकली, मग गौरी, मग आईचा आग्रह. तीन आठवडे चुकले. परत आल्यावर डॉक्टरांनी वहीत पाहिलं आणि डोस दोन पायऱ्या खाली आणला. ते बरोबरच होतं, चुकलेला डोस भरून काढायला मोठा डोस कधीच देत नाहीत. आता कॅलेंडरवर इंजेक्शनचे शनिवार आधी लाल करते आणि रेल्वेचं तिकीट त्यानंतर काढते.