थंडीत पट्टा ओरडतोय? निदान या चुका तरी करू नका

डिसेंबरच्या मध्यावर ग्वाल्हेरचा पारा पाच-सहा अंशांवर आला, की सकाळच्या वेळी इथल्या लष्कर भागातल्या कुठल्याही गल्लीत एखादी तरी गाडी सुरू होताना किंचाळतेच. मालक घाबरून रेस देतो, किंचाळी आणखी चढते. मग दहा-पंधरा सेकंदांत आवाज बसतो आणि साहेब ऑफिसला निघतात. दिवसभर गाडी गप्प, म्हणून संध्याकाळी विषयही निघत नाही. ती माझ्या गॅरेजमध्ये येते तोवर फेब्रुवारी उजाडलेला असतो आणि मधल्या काळात शेजारी, मेहुणे आणि मोबाइलवरचे व्हिडिओ या सगळ्यांनी तिच्यावर हात साफ करून घेतलेला असतो.

ही किंचाळी असते इंजिनच्या बाहेरच्या रबरी पट्ट्याची, जो पुल्यांवरून फिरत अल्टरनेटर आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप, पॉवर स्टिअरिंगही फिरवतो. यात थंडीचा वाटा किती, ते आधी सांगतो. गारठ्यात रबर कडक होतं आणि पुलीच्या खाचांत नीट धरत नाही. गाडी उघड्यावर असेल तर रात्रभराचं दवही पट्ट्यावर बसलेलं असतं. त्यात सेल मारताना बॅटरीतून बराच करंट निघून गेलेला असतो. तो भरून काढायला अल्टरनेटर (आमचे मिस्त्री त्याला अजून डायनामोच म्हणतात) इंजिन सुरू झाल्याबरोबर सगळ्यात जड फिरतो. धुकं असेल तर वर हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेची हीटरची तारही चालू. हा सगळा भार एका पट्ट्यावर येतो. पट्टा धड असेल आणि ताण बरोबर असेल तर तो हे सगळं मुकाट्याने ओढतो. ओरडला, तर त्याच्यात किंवा त्याच्या आजूबाजूच्या पुल्यांत दिवाळीच्या आधीपासूनच काहीतरी बिघडलेलं होतं, असं समजा.

आता सगळ्यात मोठी चूक, जी पाहून माझं डोकं फिरतं: पट्ट्यावर काहीतरी फवारणं. गंज सोडवायचा स्प्रे, शिलाई मशीनचं तेल, साबणाची वडी, मेणबत्ती, टाल्कम पावडर, ग्रीस. होय, ग्रीससुद्धा. कुणी चक्कीवाल्याचं ऐकून राळ लावतो. चक्कीचा पट्टा चपटा असतो, त्याला राळ चालते. गाडीच्या धारांच्या (आतल्या बाजूने लांबच लांब उभ्या कडा असलेल्या) पट्ट्यात ती धूळ धरून बसते आणि पुलीच्या खाचा बुजवते. बाजारात पट्ट्याचा आवाज घालवणारे खास स्प्रेही मिळतात. ते मी गॅरेजमध्ये ठेवत नाही आणि कुणी आणून दिला तर वापरतही नाही.

जनकगंजातल्या एका काकांची डिझेल गाडी होती. सकाळी ओरडायची. भाच्याने बॉनेट उघडलं, गंजाचा स्प्रे फर्रकन पट्ट्यावर मारला आणि आवाज बंद! काकांनी मला मुद्दाम फोन केला, "तुझी गरजच पडली नाही रे, आमच्या पिंट्यानेच केलं." मी म्हटलं, काका, पट्टा बदलून घ्या. त्यांना वाटलं मी गिऱ्हाईक पटवतोय.

पुढच्याच आठवड्यात मंडळी लग्नाला झाशीला निघाली. पहाटेचं धुकं. डबरा मागे पडल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ स्टिअरिंग जड झालं. काकांचं गणित सोपं होतं: बॅटरीचाच दिवा आहे ना, मग दतियात बघू. पण त्या गाडीत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर होता. पट्टा उतरला की पाणी फिरायचं थांबतं, आणि थांबलेलं पाणी दतियापर्यंत वाट बघत नाही. इंजिन उकळलं. काका अक्षतांना पोचले ते एका गजकवाल्याच्या टेम्पोत बसून, शेरवानीवर शाल गुंडाळून.

गाडी ओढून माझ्याकडे आली. पट्ट्याच्या कडेच्या दोन धारा पार सोलल्या होत्या. उरलेलं रबर फुगून चिकट झालं होतं. नखाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा, भरून येत नव्हता. हल्लीचे पट्टे बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर उष्णता, थंडी, पाणी सगळं सोसतं, पण खनिज तेल त्याला अजिबात चालत नाही, ते पिऊन फुगतं. स्प्रे मारल्यावर आवाज थांबला कारण पट्टा तेलावर गुपचूप घसरत होता. घसरणं तसंच चालू होतं, फक्त ऐकू येईनासं झालं. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं, हेड लेथवाल्याकडे प्लेन करायला पाठवावं लागलं. आणि मुळात दुखणं काय, तर टेन्शनरची (पट्ट्याला ताण देणाऱ्या पुलीच्या हाताची) स्प्रिंग ढिली पडली होती.

पट्ट्यावर तेल, कूलंट किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पडलं असेल तर तो पुसून वाचत नाही. गळती कुठून होते ती आधी बंद करा, पुल्यांच्या खाचा ब्रेक क्लीनर आणि कडक ब्रशने साफ करा आणि नवा पट्टा चढवा. गळती तशीच ठेवून नवा पट्टा चढवणारेही मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल काय बोलणार.

फवारायचंच असेल तर पाणी फवारा, तेही तपासण्यापुरतं. केस कापणाऱ्याकडे असते तशी बाटली घ्या आणि इंजिन चालू असताना धारांच्या बाजूवर जरासं पाणी उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा पट्टा संपलाय. एवढ्या एका चाचणीने निम्मं काम होतं, पण तिच्यात पैसे जात नाहीत म्हणून लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. कानही वापरा. लांबलचक किंचाळी म्हणजे घसरण. इंजिनच्या ठेक्यात चूं-चूं म्हणजे बहुधा तिरकी पुली, किंवा खाचांत बसलेली धूळ. आपल्याकडे धुळीची कमी नाही, त्यात दव मिसळलं की खाचांत लगदाच होतो. घरघर आली तर पट्टा सोडा, बेअरिंग बघा.

एक ताकीद. चालू इंजिनवर वाकताना गळ्यातला मफलर काढून ठेवा. शाल, ओढणी, लोंबणारी स्वेटरची बाही, सगळंच. जानेवारीत लोक कानाला मफलर गुंडाळून, त्याची दोन्ही टोकं मोकळी सोडून पट्ट्यापाशी कान नेतात. माझ्यासमोर असं कुणी केलं तर मी आधी चावी फिरवून इंजिन बंद करतो, मग बोलतो. रेडिएटरचा विजेवरचा पंखा तर इंजिन बंद केल्यावरही आपोआप फिरू शकतो.

माझी दुसरी आवडती चूक आहे पट्टा ताणत सुटणं. जुन्या व्हॅन, जीप, ट्रॅक्टर, जुन्या छोट्या गाड्या, जिथे अल्टरनेटर सरकवून ताण द्यावा लागतो, तिथे ही हमखास होते. आवाज आला की पहार लावून अल्टरनेटर मागे रेटायचा आणि नट आवळायचा. दुसऱ्या दिवशी जरासा आवाज आला की पुन्हा थोडं. पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजू लागला की मंडळी खूश! तानसेनाच्या गावात राहतो म्हणून पट्टाही सुरात लावायचा नसतो हो. आवाज जातो हे खरं, पण तो सगळा ताण अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जातो. थंडीत पट्टा आवळून गेलेली गाडी उन्हाळ्यात पंपाच्या सीलमधून पाणी गाळत परत येते. तेव्हा मालकाला पहार आठवत नाही. तो म्हणतो, यंदा गरमी फार आहे.

मी साधं करतो. दोन पुल्यांमधला सगळ्यात लांब मोकळा भाग शोधायचा आणि त्याच्या मध्यावर अंगठ्याने चांगला जोर देऊन दाबायचं. बऱ्याच व्ही पट्ट्यांत (इंग्रजी व्ही अक्षरासारख्या छेदाच्या, एकाच जाड धारेच्या) साधारण १० मिलिमीटर दाब हवा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो बघा. नवा व्ही पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतो. म्हणून बसवल्यावर अर्धा तास गाडी चालवून, थंड होऊ देऊन मी ताण परत बघतो आणि आठवड्याने पुन्हा बोलावतो. आठवड्याने कुणी येत नाही. सगळ्यांना आत्ताच्या आत्ता हवं असतं आणि तेही उभ्या उभ्या.

स्वयंचलित टेन्शनर असेल तर तो आवळायचा नसतो. इंजिन संथ चालू असताना त्याचा हात बघा. किंचित हलला तर चालेल, थयथयाट करत असेल तर टेन्शनर संपलाय. त्याच्यावर हातोडी चालवू नका. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो. तिथे पट्टाच ताणून बसणाऱ्या जातीचा असतो आणि तो चढवायला त्याचं हत्यार लागतं. स्क्रूड्रायव्हरने चढवलात तर धारा फाटतात.

'पट्ट्याला चिरा नाहीत, म्हणजे पट्टा चांगला,' हे जुन्या निओप्रीन रबराच्या काळातलं ज्ञान झालं. ईपीडीएम पट्ट्याला लवकर चिरा पडत नाहीत, तो टायरसारखा झिजतो. धारांमधल्या खाचा रुंद आणि खोल होतात, पट्टा पुलीत खाली बसतो आणि घसरायला लागतो. वरून पाहिला तर काळा कुळकुळीत, देखणा. नवा पट्टा शेजारी धरून दोन्हींच्या खाचांतून नख फिरवा, फरक लगेच कळेल.

पट्टा पॉलिश पेपरने घासू नका.

पट्टा नवा आणि टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला नुसती वाट दाखवणारी पुली) जुनेच, ही काटकसर नव्हे. पट्टा काढला आहेच तर प्रत्येक पुली हाताने फिरवा. आत वाळू असल्यासारखं लागलं तर तिला निरोप द्या. बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने धरणारी असते. आतला पंखा धरून पुली फिरवली की ती एका बाजूला मोकळी फिरावी आणि दुसऱ्या बाजूला अडकावी. दोन्हीकडे अडकत असेल तर नवे पट्टे घालत बसा, आवाज जायचा नाही.

दुकानात 'अमक्या गाडीचा पट्टा द्या' म्हणू नका, जुन्या पट्ट्यावरचा नंबर वाचा. ६पीके१०२० म्हणजे सहा धारा, पीके हे धारांचं माप आणि १०२० मिलिमीटर लांबी. एसी असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलचा पट्टा वेगळा असू शकतो. चढवताना एक धार पुलीबाहेर राहिली तर चूं-चूं तर होतेच, शिवाय कड उसवून दोरे निघतात. काही इंजिनांत ते दोरे क्रँकच्या पुलीमागून टायमिंग बेल्टमध्ये शिरतात, आणि मग पिस्टन नि वॉल्व्ह यांची गाठ पडते.

टायमिंग बेल्ट वेगळा. तो दात्यांचा, कव्हरच्या आत असतो. सकाळच्या या किंचाळीशी त्याचा सहसा संबंध नसतो, त्यामुळे आवाजासाठी कुणी तो बदलायला सांगत असेल तर दुसऱ्याला विचारा.

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सची सूट मिळते त्या वर्षी नवी गाडी घेणारे पुष्कळ. ती गाडी पहिल्याच थंडीत ओरडली तर माझ्याकडेही आणू नका, वॉरंटीत दाखवा. बाहेर कुणी पाना लावला की कंपनीला निमित्त मिळतं.

आणि दुपारी एक वाजता, कोवळं ऊन अंगावर घेत, 'सकाळी फार ओरडते हो' म्हणत येऊ नका. गरम इंजिनवर तो आवाज मला कुठून दाखवणार? गाडी आदल्या संध्याकाळी सोडून जा. मी सकाळी पहिला सेल स्वतः मारतो. ते जमत नसेल तर पहाटे बॉनेट उघडून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणा, पण लांबून.

लांबच्या प्रवासाला निघताना योग्य नंबरचा एक पट्टा डिकीत असू द्या. साधा व्ही पट्टा असेल तर दोन पान्यांनी रस्त्यावरही चढतो. वाटेत बॅटरीचा दिवा आणि जड स्टिअरिंग एकदमच आलं तर तिथल्या तिथे बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि फोन करा. सकाळी नऊच्या आधी मात्र मी उचलत नाही.